मेंढरांच्या वाटेनं दवाखान्याला

माझी शाळा तिसरीत सुटली, पण जतपासून खंडाळ्यापर्यंतचा रस्ता मला कुणी शिकवायचा नाही. उभा जन्म मी तो मेंढरांच्या मागं चाललोय. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा सगळा तांडा, हलवायचा. तासगावच्या मळ्यांतनं, कराडावरनं, साताऱ्याच्या खालनं, पार निरा नदीच्या अलीकडच्या खंडाळ्याच्या माळापर्यंत. कुठल्या विहिरीचं पाणी मचूळ, कुठल्या गावचं कुत्रं वंगाळ, कोण पाटील लेंडीखतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतो आणि जोंधळा मापताना हात आखडतो, सगळं पाठ. आता मेंढरं थोरल्या पोराकडं आहेत. तो ती टेम्पोत घालून नेतो. टेम्पोतनं गेलेल्या मेंढराला वाट काय कळणार?

यंदा फाल्गुनात मी त्या वाटेनं पुन्हा जाऊन आलो. बरोबर बायको होती, निलव्वा. तिचं अंग बाहेर येत होतं. बाईची पिशवी खाली उतरून बाहेर यायला लागली की आमच्याकडं असं म्हणतात. हे लिहायला लाजायचं कारण नाही, हे मला पंच्याहत्तरी ओलांडल्यावर कळलं. म्हणून लिहितोय.

जत

आमच्या वाडीत आशाताई घरोघर रक्तदाब बघत फिरत होती. आमच्यात आली तेव्हा निलव्वा जेवत होती, चुलीपुढं उभी राहून, भाकरी हातावर घेऊन. आशाताई म्हणाली, "आज्जी, बसून का जेवत न्हाई तुमी?"

"सवंय हाय बाई."

ती पोरगी हुशार. सवय ऐकून गेली नाही. निलव्वाला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लोटलं. मी बाहेर ओट्यावर. दाराला फट होती आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

"किती वर्सं झाली, आज्जी?"

"कमळी झाली तवापास्नं."

कमळ आमची लेक, खंडाळ्याला दिलेली. तिच्या पोरीचं आता लग्नाचं बघतायत. मी तिथंच बसल्या जागी वर्षांचा हिशोब केला. आशाताई गेल्यावर मी आत जाऊन विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?"

ती भांडी आवरत म्हणाली, "तुमी काय डाक्टर हाय व्हय?"

हे मला झोंबलं. कारण मी डॉक्टर होतोच, मेंढरांचा. खांडात शंभर मेंढरं चालली असली तरी एखादी मागचा पाय जरा फाकवून टाकायला लागली की मी लांबनं सांगायचो, हिचं अंग येणार. मला बोलवायला माणसं कवठ्यापासनं यायची. आणि ही चुलीपुढं उभ्यानं जेवते, ते मी रोज बघत होतो. मला वाटायचं, लय कामाची बाई आहे, बसायला सवड नाही.

आमच्या जवळच्या दवाखान्यात बाई डॉक्टरची खुर्ची आहे, बाई नाही. बाप्या डॉक्टर माणूस चांगला, पण निलव्वा त्याला दाखवायला तयार नव्हती. पूर्वी दोनदा कंबर दुखते म्हणून गेली होती आणि पांढऱ्या गोळ्या घेऊन आली होती. कंबरेच्या खालचं तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. आता तो म्हणाला, सांगलीला न्या. सांगलीत आमचं कोण? शेवटी खंडाळ्यास्नं कमळचा फोन आला. साताऱ्यात एक बाई डॉक्टर आहे, माझ्या शेजारणीचं असंच होतं, बरी झाली, आईला घेऊन या.

थोरला म्हणाला, जीप सांगतो. मी म्हटलं, नको. वाट माझी आहे, मी माझ्या वाटेनं नेईन. बायकांना अर्धं तिकीट, मला म्हातारा म्हणून फुकट, आणि तासगावात मुक्काम करून जाऊ. खरं सांगायचं तर दवाखान्याच्या निमित्तानं मला जुनी वाट बघायची होती.

निलव्वा निघाली ती एका बोलीवर. "नुस्तं दावायला येते. आपरेशन बिपरेशन न्हाई. उन्हाळा तोंडावर हाय, टँकर सुरू हुईल, पाणी कोण भरंल?"

तासगाव

एसटीत जागा मिळाली, पण निलव्वा उभी. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, बसा की, शीट रिकामं हाय." ही म्हणाली, "हितंच बरी हाय." मी दटावलं, तर हळूच म्हणाली, "बसलं की जास्तच टोचतंय. गप ऱ्हावा." मग मीही उभा राहिलो. दोघं म्हातारी रिकाम्या शीटाशेजारी दांडी धरून उभी. लोकं बघत होती. बघू देत.

तासगावच्या अलीकडं एका लिंबाखाली आमचा ठरलेला तळ असायचा. तिथंच रामआबांचा मळा. मी गाडी अलीकडंच थांबवली. कंडक्टर म्हणाला, "आवं बाबा, पुढच्या स्टापला उतरा, हितं काय न्हाई." मी म्हटलं, "तुजा जन्म नव्हता तवापास्नं हितं उतरतोय." आणि उतरलो.

तिथं खरंच काही नव्हतं. म्हणजे होतं, पण माझं नव्हतं. लिंब गेला. ज्या रानात आम्ही वाघरीची जाळी लावून मेंढरं बसवायचो, तिथं तारेच्या मांडवावर द्राक्षं, त्यापुढं बेदाण्याची लांबच लांब शेडं, हिरव्या कापडानं झाकलेली. वासही वेगळा. पूर्वी तिथं लेंड्यांचा, ओल्या मातीचा आणि हुलग्याच्या माडग्याचा वास असायचा. सांज झाली की बायका तीन दगडांवर माडगं ठेवायच्या, कोकरं आयांना हाका मारायची, आणि रामआबा गुळाचा खडा घेऊन तळावर यायचे. आमच्या जतच्या कोरड्या माळावर वाढलेल्या माणसाला ते पाटाचं पाणी बघूनच पोट भरायचं.

"ह्यो बांध नव्हं," मी म्हटलं, "त्यो पलीकडचा."

"विचारा की कुणाला तरी."

"विचारायचं काय त्यात?"

असं करत मी तिला दोन बांध फिरवून पुन्हा त्याच तारेपाशी आणलं. एक कुत्रं भुंकत आलं. निलव्वा पोटाखाली हात धरून बांधावर टेकली आणि म्हणाली, "तुमची वाट तुमाला वळकत न्हाई आता. विचारा." मग विचारलं. बेदाणा निवडणाऱ्या एका बाईनं बोट दाखवलं. रामआबांचं घर समोरच होतं. कौलं गेली होती आणि वर स्लॅब पडला होता, म्हणून मला दिसलं नाही.

रामआबा माझ्याहून थोरले. डोळ्यांनी अधू, पण आवाजावरनं ओळखलं. "बिरू! मेंढरं कुठं ठेवलीस रं?" त्यांच्या सुनेनं पाट मांडले. ज्वारीची भाकरी, शेवग्याची आमटी, वाटीभर बेदाणे. आमच्याकडं पाहुण्याला गूळ-शेंगा देतात, इथं आता बेदाणे देतात. सून निलव्वाला पाटावर बस म्हणाली, ती भिंतीला टेकून उभीच राहिली. सुनेनं एकदा तिच्याकडं नीट बघितलं आणि काही न विचारता तिचं ताट आत नेलं. आत दोघींचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही.

इकडं आबांची आणि माझी जुनी गाणी सुरू झाली. आबा म्हणाले, "बिरू, ती तुजी कपाळावर चांद असल्याली मेंढी याद हाय का रं? ह्याच रानात तिचं अंग आल्यालं."

कशी याद नसेल! मी सगळं पुन्हा सांगितलं. मिठाच्या कोमट पाण्यानं धुवून अंग हळू आत सारलं. मग लोकरीचा पट्टा मागनं घेऊन पाठीवरनं काढला आणि कुशीला माझी गाठ मारली. ती गाठ माझीच. चालताना आवळते, मेंढी मुतायला वाकली की ढिली पडते. कुणाला अजून जमली नाही. "आणि आबा, त्या एका मेंढीपायी मी दोन दिस वाडा थांबवला. बाकीची बिऱ्हाडं पुढं गेली. मी म्हटलं, जाऊं देत, मुक्या जीवाला चालवायची न्हाई."

"खरा धनगर तू," आबा म्हणाले. "आणि तुजी लेक कुठं झाली रं? वाटंवरच न्हवं?"

"खंडाळ्याच्या माळावर! आणि तिसऱ्या दिशी ही माजी बायको डोईवर बोचकं, काखंत पोरगी, चालाय लागली. अशी माणसं आता हुडकून घावायची न्हाईत, आबा!"

निलव्वा दारात आली होती. म्हणाली, "सुमक बसा आता, आबांला निजू द्या जरा." सुमक म्हणजे गप्प. तिच्या माहेरच्या कानडीतलं. रागावली की ती कानडीवर जाते. मला वाटलं, मोठेपणा सांगितला म्हणून लाजली.

सातारा

सकाळी आबांच्या सुनेनं निलव्वाला मऊ गोधडीची चौकोनी घडी करून दिली, गाडीत खाली घ्यायला. त्यामुळं कराडापर्यंत ती बसून आली. कृष्णा दिसली तेव्हा तिनं हात जोडले. इथंच पाण्यातनं मेंढरं उतरवताना तिनं एक कोकरू दातांत कातडं धरून काढलं होतं, दोन्ही हातांत दोन होती म्हणून. मी ते बोललो. ती हसली. सगळ्या प्रवासात एवढीच एकदा मनापासून हसली.

अजिंक्यतारा दिसला की आम्ही पूर्वी शहराला वळसा घालून जायचो. शहरात मेंढरांचं काम नाही. या खेपेला आत गेलो. कमळ स्टँडवर उभी होती. आईला बघून रडली, मला म्हणाली, "आप्पा, जीपनं आणायचं न्हाई व्हय?" मी कंदी पेढ्याच्या दुकानाकडं बघत राहिलो.

दवाखान्यात बाकावर सगळ्या बायका. कुणी पाटणच्या डोंगरातनं दोन गाड्या बदलून आलेली, कुणी माण-खटावची. एक म्हणाली, "नवऱ्याला सांगितलंय दात दावायला चाललेय." सगळ्या हसल्या. बापे मंडळी बाहेर झाडाखाली तंबाखू मळत होती. मी बाहेर गेलो नाही. कुणी जा म्हटलं असतं तरी गेलो नसतो, आणि कुणी म्हटलंच नाही.

निलव्वा आणि कमळ आत गेल्या. लय वेळ झाला. मग डॉक्टरबाई दारात येऊन म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही आत या."

बाई वयानं कमळएवढ्या. टेबलावर कागद पसरलेला आणि त्यावर एक पट्टा. मऊ लोकरीचा, चातीवर कातून विणलेला, मधे जाड घडी, धुवून धुवून पिवळा पडलेला. पलंगावर निलव्वा भिंतीकडं तोंड करून.

"हे कुणी शिकवलं यांना? इतकी वर्षं यावर निभावलंय. जखमा झाल्यात आत. पण पट्टा बांधणाऱ्याचं डोकं मात्र..."

मला पुढचं ऐकू आलं नाही. पट्ट्याच्या टोकाला गाठ होती. चालताना आवळणारी, वाकलं की ढिली पडणारी. मी ती हातात घेतली. माझी गाठ होती.

आणि लोकर जावळाची होती. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण, रेशमासारखी. दर वर्षी कातरणीला निलव्वा मूठभर जावळ मागून घ्यायची. मी विचारायचो, कशाला? म्हणायची, उशी करते. एवढ्या वर्षांत मी उशी बघितली नाही, आणि उशी कुठं आहे असंही विचारलं नाही.

"आजी, सांगा ना, कुणी शिकवलं?"

निलव्वा भिंतीकडं बघतच म्हणाली, "ह्येंनीच. मेंढीला बांधत हुते तवा मी दिवटी धरून हुते. बघून घेतलं."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग त्यांनी साधं सांगितलं. ऑपरेशन करावं लागेल. रक्त कमी आहे, आधी ते भरून काढू, तोवर लेकीकडं राहा. ऑपरेशननंतर तीन महिने जड उचलायचं नाही, आणि पुढंही जपून. घागर नाही, सरपण नाही.

निलव्वा उठून बसली. "मग नगं. कमळे, चल. पट्टा बांधून चाललंय, तसं चालंल."

"आई!"

"आई काय? पाणी तुजा बाप भरनार हाय? सून रोजगाराला जाती. घागर उचलायची न्हाई म्हंजी मी काय देव्हाऱ्यात बसू?"

मी आयुष्यात कुणाला चुकलो म्हणालो नाही. तेव्हाही तोंडातनं आलं नाही. मी पट्टा घडी करून बंडीच्या खिशात घातला, स्टुलावर बसलो आणि म्हणालो, "वाडा थांबला."

"काय?"

"वाडा थांबला म्हटलं. तू बरी हुईस्तोवर न्हाई हलायचा. पाणी मी भरीन."

"घागर उचलती का तुमाला?"

"मेंढी खांद्यावर घेतलीया. घागर काय, ती लाथा झाडत न्हाई."

निलव्वानं पदर सारखा केला. मग डॉक्टरबाईंना म्हणाली, "ह्यो माणूस हट्टी हाय लय. आता हिकडनं हलायचा न्हाई. काय ते करून टाका, बाई."

डॉक्टरबाईंनी कागद काढला. मी ऐटीत पेनासाठी हात पुढं केला. घरात सही मलाच येते. बाई म्हणाल्या, "आजोबा, यांची लागते." निलव्वानं शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर असा दाबला की टेबल हललं.

खंडाळा

कमळच्या घरी आम्ही महिन्याच्या वर राहिलो. जावई बोलायला कमी, पण रोज पालक आणि गूळ आणायचा. खंडाळ्याकडं बाजरीची भाकरी, आम्ही ज्वारीची माणसं. निलव्वा म्हणायची, "ही भाकर गिळताना आवाज करती." रक्त भरलं, ऑपरेशन झालं. त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होतो. कुठल्याच मेंढीपायी इतका वेळ एका जागी बसलो नव्हतो.

टाके भरल्यावर डॉक्टरबाईंनी थोडं चालायला सांगितलं. एका सकाळी ती म्हणाली, "माळ दावा की." कमळ जन्मली तो माळ. जावयानं रिक्षा आणली, मी मुकाट बसलो.

माळावर आता कारखान्याची भिंत आहे. दारात शिपाई. भिंतीच्या बाहेर एक बाभळ उरलीय, ती तीच का दुसरी, मी छातीठोक सांगणार नाही. पूर्वी इथनं निरेच्या अंगाला उतरती गवताची पट्टी दिसायची, आणि थंडीत मेंढरांच्या पाठीवर दव चमकायचं. मी तिला ते सांगत होतो. ती बाभळीला हात लावून उभी होती.

"तवा तुमी घोड्यावर बिऱ्हाड लादत हुता," ती म्हणाली. "मी ह्या झाडाखाली बसले हुते. मला वाटलं, आता म्हणशीला, आज थांबू."

त्या दिवशी का निघालो, ते मला आठवतं. पुढच्या गावच्या शेतात मेंढरं बसवायचा शब्द दिला होता. कुठल्या गावच्या, कुणाच्या शेतात, ते आता काही केल्या आठवत नाही.

"तू का न्हाई म्हणालीस, थांबा म्हणून?"

"मेंढी म्हणाली हुती व्हय?"

शिपाई आला, "आजोबा, इथं थांबता येत नाही" म्हणाला. मी म्हटलं, "आमी थांबणार." आणि निलव्वानं पुरे म्हणेपर्यंत थांबलो. तोही बिचारा आत गेला.

पुन्हा वाडीत

येताना जीपनं आलो. मीच सांगितली.

चैत सरला होता, टँकर सुरू झाला होता. पहिल्या दिवशी मी दोन घागरी घेऊन ओळीत उभा राहिलो तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले. शेवंता म्हणून आमच्या भावकीतली सून आहे, जिभेची तिखट. म्हणाली, "आवं आण्णा, बायकांच्या वळीत कुठं?"

"वळ काय तुज्या बापानं बांधलीया?"

"न्हाई, पर तुमाला लुगडं नेसवाय लागंल."

"नेसव की. रंग बरा बघून आण."

हसण्यात माझी एक घागर सांडली. दुसरी खांद्यावर घेतली तेव्हा मला कळलं, ही घागर लाथा झाडत नाही, पण जीव मेंढीपेक्षा जास्त काढते. आणि बायका दोन-दोन नेत होत्या, एक डोईवर, एक काखेत, दिवसातनं चार खेपा.

मी वाटेकडंला घागर टेकून दम घेत होतो. बायका माझ्या पुढनं भरल्या घागरी घेऊन ओळीनं चालल्या होत्या. सवयीनं माझी नजर पायांकडं गेली. उभ्या जन्मात मी मागनं चालणाऱ्या जीवांचे पायच बघत आलोय.

एकजण मागचा पाय जरा फाकवून टाकत होती. तिच्यामागनं चौथी, तीही. मग एक पोरसवदा, दोन लेकरांची आई. आणि शेवटाला शेवंता, जी मला लुगडं नेसवायला निघाली होती.

मी घरी येऊन घागर उतरवली. निलव्वा उंबऱ्याशी बसून जेवत होती. बसून. मी तिला चौघींची नावं सांगितली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्यातल्या दोघींना पट्टा मीच करून दिलाय."

मी खिशातनं तिचा जुना पट्टा काढला आणि तिच्यापुढं ठेवला. साताऱ्यापासनं तो माझ्याकडंच होता. तिनं तो उचलला नाही. हात धुतले, डॉक्टरबाईंचा नंबर लिहिलेला कागद फडताळातनं काढून पदरात बांधला, चपला घातल्या.

"कुठं निघालीस? जड उचलायचं न्हाई."

"कागुद जड असतोय व्हय? तुमी दुसरी घागर आणा. मी शेवंताकडं जाऊन येते."

ती बोळातनं निघाली. लग्नाआधी मी तिला पहिल्यांदा बघितली ती अशीच, पाठमोरी, तिच्या बापाच्या मेंढरांमागं चालताना, पायात पाय न अडखळता, सरळ. ती चाल मी विसरलो होतो. वळणापर्यंत बघितली, मग रिकामी घागर घेऊन पुन्हा ओळीला लागलो.